नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचे आहे? बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातील बारावीचा, निकाल लागला की खानापूर, निपाणी, हुक्केरीकडच्या ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. प्रश्न बहुधा एकच असतो. "आक्का, भूल देणाऱ्या नर्सला परदेशात भरपूर पगार असतो म्हणे. आमच्या पोरीला तेच करायचंय, कुठल्या कॉलेजात घालू?" मी गेली बावीस वर्षे बेळगाव परिसरातील रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यातील बरीच वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञांच्या शेजारी उभी राहून गेली आहेत. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि ज्यांनी ते एका वाक्यात दिले त्यांच्यामुळेच काही घरांचे पैसे आणि मुलांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून जे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते येथे सलग लिहीत आहे.

आधी पदाचा अर्थ समजून घ्यावा

भारतात नर्स ॲनेस्थेटिस्ट असे स्वतंत्र पद नाही. आपल्याकडे भूल देण्याची जबाबदारी एमबीबीएसनंतर भूलशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेल्या डॉक्टरची असते. परिचारिका आणि तंत्रज्ञ त्यांना साहाय्य करतात, पण औषध कोणते, किती आणि केव्हा, हा निर्णय त्यांचा नसतो. अमेरिकेत मात्र विशेष पदवी घेतलेली परिचारिका स्वतः भूल देते, तिच्या पदाला सीआरएनए (सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स ॲनेस्थेटिस्ट) असे म्हणतात, आणि ज्या पगाराची चर्चा आपल्या गावांपर्यंत पोहोचलेली असते तो या पदाचा पगार असतो. स्वीडन, डेन्मार्क, फ्रान्स अशा युरोपीय देशांतही भूलशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका आहेत, मात्र त्यांच्या अधिकारांची मर्यादा प्रत्येक देशात वेगळी आहे.

आपल्याकडे याच्याशी मिळतेजुळते वाटणारे दुसरे शिक्षण म्हणजे बीएस्सी ॲनेस्थेशिया अँड ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी. हा अभ्यासक्रम चांगला आहे, त्यातून नोकऱ्याही मिळतात, परंतु तो नर्सिंगचा अभ्यासक्रम नव्हे. तो पूर्ण करणारा विद्यार्थी भूलतंत्रज्ञ होतो, परिचारिका होत नाही, आणि पुढे कितीही अनुभव मिळाला तरी त्या पदवीवर त्याची नोंदणी नर्सिंग कौन्सिलमध्ये होत नाही. माझ्या नात्यातील एका मुलीला एका संस्थेच्या प्रवेश कार्यालयात स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले होते की हा कोर्स केला की अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट होता येते. तिने मन लावून अभ्यास केला, चांगले गुण मिळवले, आणि चौथ्या वर्षी इंटर्नशिप करत असताना तिला कळले की त्या वाटेसाठी नर्सिंगची पदवी पहिल्यापासून घ्यावी लागेल. आज ती एका मोठ्या रुग्णालयात उत्तम तंत्रज्ञ आहे आणि तिच्या कामाबद्दल मला अभिमान आहे, पण तिची निवड तिला पूर्ण माहिती देऊन झालेली नव्हती, याचे दुःख मला आजही आहे.

म्हणजे या व्यवसायाचा खरा फाटा पीयूसीनंतर लगेच फुटतो. त्या वळणावर चूक झाली तर ती पुढे दुरुस्त करता येते, पण त्याची किंमत चार वर्षे असते.

हे काम प्रत्यक्षात कसे असते

ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे पहिले यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे झाले. त्यानंतर अनेक वर्षे भूल देणे हे कमी प्रतीचे काम मानले जाई, शिकाऊ डॉक्टरांकडे ते सोपवले जाई, आणि त्यांचे लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा सर्जनच्या हाताकडे अधिक असे. या उणिवेतून अमेरिकेत परिचारिकांना हे काम शिकवण्याची प्रथा पडली. मिनेसोटा राज्यातील मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ मध्ये आपल्या चौदा हजारांहून अधिक भूल-प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांत भुलेमुळे एकही मृत्यू झाला नसल्याची नोंद केली. तिची पद्धत साधी होती. ती रुग्णाशी शांतपणे बोलत राही, ईथर थेंबाथेंबाने देई आणि क्षणभरही नजर हलवत नसे. १९३१ मध्ये अगाथा हॉजिन्स यांनी या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. हा इतिहास मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते, कारण या व्यवसायाचा पाया यंत्रावर नसून एकाग्रतेवर आहे हे त्यातून समजते.

आजच्या थिएटरमध्ये पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी जे होते ते पाहा. सकाळी साडेसात वाजता भुलेच्या मशीनची तपासणी सुरू होते. मध्यवर्ती पुरवठ्यातून येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब पाहायचा, तो बंद पडला तर वापरायचा काळ्या रंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर भरलेला आहे का ते पाहायचे. निळा सिलिंडर नायट्रस ऑक्साइडचा असतो. दोन्हींच्या जोडणीच्या पिना वेगवेगळ्या जागी असल्याने एकाच्या जागी दुसरा बसत नाही, तरी डोळ्यांनी खात्री करण्याची सवय सोडायची नाही. मग सर्किटमधून, म्हणजे मशीनपासून रुग्णापर्यंतच्या श्वासाच्या नळ्यांतून, हवा गळत नाही ना, घशातील स्राव ओढणारे सक्शन जोरात ओढते ना, घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लख्ख लागतो ना हे पाहायचे. बायकांसाठी साधारण सात किंवा साडेसात आणि पुरुषांसाठी आठ किंवा साडेआठ क्रमांकाच्या, श्वासनलिकेत घालायच्या नळ्या काढून ठेवायच्या आणि त्यांचा फुगा भरून, पुन्हा रिकामा करून पाहायचा. औषधांच्या प्रत्येक सिरिंजवर नावाची पट्टी लावायची. आणि सर्वांत शेवटी हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग हाताच्या अंतरावर आहे ना ते बघायचे, कारण वीज, मशीन आणि पुरवठा असे सारे बंद पडले तरी त्या एका पिशवीवर माणूस जगवता येतो.

रुग्ण झोपला आणि नळी घातली की नजर मॉनिटरवरील कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवर जाते. प्रत्येक उच्छ्वासाला डोंगरासारखी उठणारी ती रेषा आणि साधारण पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यानचा आकडा दिसला की नळी श्वासनलिकेत आहे. रेषा सपाट राहिली तर नळी अन्ननलिकेत गेलेली असू शकते, आणि अशा वेळी काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकेतील नर्स ॲनेस्थेटिस्टला तो निर्णय स्वतः घ्यावा लागतो. ही जबाबदारी समजून घेतल्याशिवाय पगाराचा आकडा ऐकू नये, असे मी पालकांना सांगते.

या कामाची दुसरी बाजू बोलण्याची आहे. एकदा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या साठीच्या शेतकऱ्याला मी विचारले, "मामा, सकाळपासून काय खाल्लासा काय?" ते म्हणाले, "काय नाही ओ सिस्टर, नुसता चहा घेतलोय." मी पुन्हा विचारले, "चहासोबत?" तेव्हा कळले की चहात बुडवून टोस्टसारखे दोन बटरही झाले होते. आपल्याकडे चहाला कोणी खाणे समजत नाही. पाण्यासारखे स्वच्छ द्रव भुलेपूर्वी दोन तासांपर्यंत चालतात, पण दुधाचा चहा आणि हलका आहार यांना सहा तासांचे अंतर लागते, कारण भूल चढताच पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. सात वाजता घेतलेल्या त्या चहामुळे नऊची शस्त्रक्रिया दुपारी दोनला झाली, मामा थोडे रागावले, पण सुखरूप घरी गेले. तेव्हापासून मी "उपाशी आहात का" असे विचारत नाही. "चहा कधी घेतला" असे विचारते. कन्नड बोलणाऱ्या रुग्णाला "चहा कुडिदीरेनु?" असे विचारते.

पीयूसीनंतरची निवड

ज्यांना पुढे कधीतरी नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचे आहे, त्यांनी चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग घ्यावे. त्यासाठी पीयूसीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, खुल्या प्रवर्गाला किमान पंचेचाळीस टक्के गुण लागतात आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीपर्यंत येता येते. घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमावणे भाग असेल तर ही वाटही सन्मानाची आहे, मात्र तिला वेळ अधिक लागतो. ज्याला परदेशी जायचे नाही, थिएटरमध्येच काम करायचे आहे आणि यंत्रांची आवड आहे, त्याने भूलतंत्रज्ञाचा अभ्यासक्रम निःशंकपणे घ्यावा. त्यात तीन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप असते, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा संलग्न आरोग्य व्यवसायांना स्वतंत्र राष्ट्रीय आयोगही मिळालेला आहे.

बेळगावातच दोन्ही प्रकारच्या शिक्षणाची सोय आहे, हे आपले भाग्य आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून येथे आहे, त्याच संस्थेचे नर्सिंग महाविद्यालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयाला जोडलेली बीम्स ही सरकारी वैद्यकीय संस्था आहे. केएलई अभिमत विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते. बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील सरकारी कोट्याच्या नर्सिंग जागांसाठी केईए या राज्य परीक्षा प्राधिकरणाची सीईटी आणि समुपदेशन (जागावाटप) यांतून जावे लागते. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा त्याला जोडलेले रुग्णालय पाहावे. किती खाटा आहेत, अतिदक्षता विभाग किती मोठा आहे, दिवसाला किती शस्त्रक्रिया होतात, हे विचारावे आणि शक्य असेल तर स्वतः एक दिवस जाऊन पाहावे. ज्या महाविद्यालयाचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी रोज दोन तास बसने दुसऱ्या गावी जातात, तेथे शिकायला कमी मिळते.

मान्यतेच्या बाबतीत राज्य सरकार, कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिल आणि विद्यापीठ यांची पत्रे पाहावीत आणि भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या यादीत महाविद्यालयाचे नाव आहे का तेही तपासावे, कारण पुढे दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात नोंदणी करताना हे विचारले जाते.

आपल्या सीमाभागातील मुलांचा एक खास प्रश्न आहे. अनेकजण दहावीपर्यंत येथे मराठी शाळेत शिकतात आणि अकरावी-बारावी कोल्हापूरला करतात. कर्नाटकातील सरकारी कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की पहिली ते सेकंड पीयू या काळात किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असावी. म्हणजे कोल्हापूरला बारावी केली म्हणून दार आपोआप बंद होत नाही. मात्र शाळेकडून सात वर्षांच्या अभ्यासाचा दाखला ठरावीक नमुन्यात घ्यावा लागतो आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. हा दाखला ऐन समुपदेशनाच्या आठवड्यात काढायला गेले तर धावपळ होते, म्हणून एप्रिलमध्येच काढून ठेवावा. महाराष्ट्रातही नर्सिंगसाठी राज्य सीईटी आहे. वैद्यकीय प्रवेशांत सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी तेथे काही जागा राखून ठेवल्या जातात. नर्सिंगसाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका शब्दशः वाचून, आपले गाव यादीत आहे का ते पाहून मगच अर्ज करावा.

भाषेची तयारी

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र इंग्रजीतून वाचताना रडू येते, हे मी अनेक वसतिगृहांत पाहिले आहे. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. रोज दहा इंग्रजी संज्ञा, त्यांचा मराठी अर्थ आणि त्या वॉर्डात कशा उच्चारल्या जातात, हे एका वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला समजावून सांगायचे. सहा महिन्यांत पुस्तक ओळखीचे वाटू लागते.

कन्नडबद्दल मी अधिक आग्रहाने सांगते. आपल्या घरांत भाषेचा प्रश्न अभिमानाचा आणि वेदनेचाही आहे, ते मला मान्य आहे, मीही त्याच घरांतली आहे. परंतु गोकाक किंवा अथणीकडून आलेली घाबरलेली बाई भुलेतून जागी होत असते तेव्हा तिला तिच्या भाषेत "कण्णु तेगीरि", डोळे उघडा, असे ऐकू आले तर ती पहिल्या हाकेला डोळे उघडते. तोच आदेश दुसऱ्या भाषेत दिला तर ती शुद्धीवर आली आहे की नाही हेच आपल्याला नीट कळत नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी त्याची भाषा यायला हवी, आणि कर्नाटकातील सरकारी नोकरीसाठीही ती लागते.

पदवीची चार वर्षे आणि अतिदक्षता विभाग

आता बीएस्सी नर्सिंग आठ सत्रांचे आहे. शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र हे विषय केवळ पास होण्यासाठी वाचू नयेत, कारण हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि श्वास यांचे परस्परसंबंध हीच पुढे या व्यवसायाची बाराखडी ठरते. अमेरिकेतील अभ्यासक्रम पदवीतील विज्ञान विषयांचे गुण काटेकोरपणे पाहतात. प्रात्यक्षिकांच्या तासांची नोंदवही रोजच्या रोज भरून सही घ्यावी. विशेषतः मुलग्यांनी प्रसूती विभागातील तास पूर्ण आणि स्पष्ट नोंदवलेले आहेत याची खात्री करावी, कारण परदेशी मंडळे प्रत्येक विषयाचे तास स्वतंत्रपणे मोजतात आणि नेमकी तेथेच आपल्या मुलांची कागदपत्रे अडतात.

पदवीनंतर कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी आणि पहिली नोकरी शक्यतो अतिदक्षता विभागात धरावी. वॉर्डापेक्षा तेथे पगार फारसा जास्त नसतो आणि रात्रपाळ्या थकवणाऱ्या असतात, हे खरे आहे. पण व्हेंटिलेटर, रक्तदाब टिकवणारी ठिबकातील औषधे आणि धमनीतील दाब मोजणारी नळी या तीन गोष्टी जेथे रोज हाताळायला मिळतात, तोच अनुभव पुढे उपयोगी पडतो. मुलाखतीत आपणही विचारावे की व्हेंटिलेटरवर सरासरी किती रुग्ण असतात आणि एका परिचारिकेकडे किती रुग्ण येतात.

आपल्या भागातील अतिदक्षता विभाग एका अर्थाने फार मोठी शाळा आहेत. ऊस, तंबाखू आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यातून कीटकनाशकाची विषबाधा झालेले रुग्ण येतात आणि पावसाळ्यात सर्पदंशाचे येतात. फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाच्या तोंडाला फेस असतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, छातीत पाण्याचा आवाज येतो. त्याला ॲट्रोपिन हे विषाचा परिणाम रोखणारे औषध देत देत छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी वाढेपर्यंत दर काही मिनिटांनी तपासत राहायचे, मग दोन-तीन दिवसांनी मान उचलता येते का ते रोज विचारायचे, कारण त्या टप्प्यावर श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. जिने असे दहा रुग्ण मन लावून सांभाळले, तिला ॲट्रोपिन म्हणजे काय आणि श्वसनमार्ग म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही. त्याच काळात बीएलएस आणि एसीएलएस ही जीवरक्षक प्रशिक्षणे घ्यावीत आणि त्यांची मुदत संपू देऊ नये.

देशातच राहून वर जायचे असेल तर भारतीय नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवीला पंचावन्न टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. त्यात भूल देण्याचा अधिकार मिळत नाही, पण अत्यवस्थ रुग्णाच्या उपचारात परिचारिकेला जो मान मिळायला हवा त्याच्या सर्वांत जवळ जाणारे शिक्षण आज आपल्याकडे हेच आहे, असे माझे मत आहे.

अमेरिकेची वाट, तिच्या लांबीसह

पहिला टप्पा एनक्लेक्स-आरएन ही अमेरिकेतील परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा. त्यासाठी अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या नर्सिंग मंडळाकडे अर्ज करावा लागतो, आपल्या पदवीचे आणि नोंदणीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि परवानगी आली की बंगळूरच्या केंद्रावर परीक्षा देता येते. बेळगावहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघून सकाळी उतरून थेट परीक्षेला बसण्याचा प्रयत्न करू नये. एक दिवस आधी जाऊन मुक्काम करावा, कारण ही परीक्षा पाच तासांपर्यंत चालते, प्रश्न पंच्याऐंशी ते दीडशेच्या दरम्यान असतात आणि पाठांतराऐवजी निर्णयक्षमता तपासली जाते. परीक्षेचे नोंदणी शुल्क दोनशे डॉलर आहे, भारतातील केंद्राचे जादा शुल्क, मूल्यमापन आणि इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा.

दुसरा टप्पा व्हिसाचा, आणि येथेच बहुतेक मार्गदर्शक गप्प बसतात. परिचारिकांना साधारणपणे ईबी-३ या नोकरीवर आधारित वर्गातून कायम वास्तव्याचा व्हिसा मिळतो आणि भारतात जन्मलेल्या अर्जदारांची त्या वर्गातील प्रतीक्षा सध्या दहा वर्षांहून अधिक आहे. रांगेतील आपली जागा रुग्णालयाने आपल्यासाठी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून जायचे ठरले असेल तर परीक्षा पदवीनंतर लवकर द्यावी, अर्ज लवकर दाखल व्हावा असे पाहावे आणि मधली वर्षे येथे किंवा दुसऱ्या देशात काम करत काढावीत.

तिसरा टप्पा अमेरिकेतील अतिदक्षता विभागातील नोकरीचा. नर्स ॲनेस्थेटिस्टच्या अभ्यासक्रमाला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अतिदक्षता अनुभव लागतो आणि तो अमेरिकेतील किंवा अमेरिकी लष्करी रुग्णालयातील असावा लागतो. बेळगावच्या आयसीयूतील वर्षे प्रवेश अर्जात मोजली जात नाहीत, पण तेथील आयसीयूत नोकरी मिळवून देतात आणि तेथे टिकवून ठेवतात.

त्यानंतर प्रत्यक्ष अभ्यासक्रम. तो किमान तीन वर्षांचा असतो आणि २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी तो डॉक्टरेट पातळीचा आहे. त्यात किमान दोन हजार तासांचे प्रत्यक्ष काम आणि सहाशे भूल-प्रकरणे पूर्ण करावी लागतात, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा असते. शिक्षणाच्या काळात नोकरी करणे जवळजवळ अशक्य असते आणि अनेक विद्यापीठांचे शुल्क एक लाख डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे कर्जाची तयारी हवी. त्यानंतरचा मध्यम पगार वर्षाला दोन लाख डॉलरहून अधिक आहे, ही गावात पोहोचलेली बातमी खरी आहे. पण आज अठरा वर्षांची असलेली मुलगी या वाटेने गेली तर तेथे पोहोचेपर्यंत तिचे वय चाळिशीच्या आसपास असेल, हेही तितकेच खरे आहे आणि ते आईवडिलांनी मुलीच्या समोर बसून ऐकावे.

जर्मनी, स्वीडन आणि आखात

ज्यांना इतकी वर्षे थांबायचे नाही त्यांना मी जर्मनीचा विचार करायला सांगते. तेथे जर्मन भाषेची साधारण बी-२ पातळी गाठून आपल्या पदवीला मान्यता घ्यावी लागते. परिचारिका म्हणून रुजू झाल्यावर काही काळाने अतिदक्षता आणि भूल या विषयातील दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण नोकरी सांभाळून करता येते. तेथेही भूल देणारा डॉक्टरच असतो आणि परिचारिका त्याची प्रशिक्षित साहाय्यक असते, परंतु काम नेमके याच क्षेत्रातले असते. स्वीडनमध्ये नर्सिंगच्या पदवीनंतर भूलसेवेचे एक वर्षाचे विशेष शिक्षण आहे, पण ते स्वीडिश भाषेतून असते. ब्रिटनमध्ये नर्स ॲनेस्थेटिस्ट हे पद नाही, त्यामुळे तेथे जाणाऱ्या परिचारिकेने या अपेक्षेने जाऊ नये.

आखाती देशांत भूलतंत्रज्ञ आणि परिचारिका यांचे परवाने वेगवेगळे असतात. दोघांनाही प्रमाणपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी आणि संगणकीय परीक्षा यांतून जावे लागते.

एजंटाकडे जाण्यापूर्वी

परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासावे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. कोणी दोन-तीन लाख मागत असेल, मूळ प्रमाणपत्रे "ऑफिसात ठेवून घेतो" असे म्हणत असेल, किंवा पर्यटक व्हिसावर जाऊन नंतर नोकरी पक्की करू असे सांगत असेल, तर चहाही न घेता उठून यावे. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. त्या परत मिळवण्यासाठी रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

नावाची आणि गावाची अडचण

शेवटची गोष्ट लहान वाटते, पण आपल्या भागात तिच्यामुळे सर्वाधिक अर्ज परत येतात. कर्नाटकातील एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर अनेकदा नाव आधी आणि वडिलांचे किंवा आडनावाचे आद्याक्षर नंतर असते, आधारवर आपण मराठी पद्धतीने नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण लिहितो, लग्नानंतर पासपोर्टवर तिसरेच नाव येते, आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत चौथे. एनक्लेक्सच्या केंद्रावर नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. त्यात आपल्या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलल्यामुळे जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी असे जन्मस्थान येते.

यावर उपाय असा की पहिल्या वर्षाला प्रवेश घेण्यापूर्वी, म्हणजे कॉलेजच्या नोंदवहीत नाव चढण्याआधी, एसएसएलसीची गुणपत्रिका समोर ठेवून आधार आणि पासपोर्ट त्याच्याशी जुळवून घ्यावेत. एसएसएलसीतच चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. ते काम वेळखाऊ असते आणि वर्षे जातील तसे अधिक कठीण होते. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही, हा निर्णय ज्या मुलीला परदेशी नोंदणी करायची आहे तिने स्वतः विचारपूर्वक घ्यावा, आणि बदलले तर विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र व राजपत्रातील सूचना यांच्या दोन-दोन साक्षांकित प्रती त्याच आठवड्यात काढून इतर कागदांसोबत एका फाइलमध्ये ठेवाव्यात. जन्मस्थानाच्या दोन स्पेलिंगबद्दल कोणी शंका काढली तर नामांतराच्या सरकारी अधिसूचनेची प्रत जोडावी, तेवढ्यावर काम होते.